युवा केंद्र मुलांना विचारून उभारायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईतल्या घणसोलीत महापालिकेच्या एका बहुउद्देशीय इमारतीचा पहिला मजला, अंदाजे १,२०० चौरस फूट, १४ ते २५ वयाच्या मुलामुलींसाठी केंद्र म्हणून चालवायला एका संस्थेला मिळतो आहे. संस्थेने दोन बैठका घेतल्या. पहिलीला तीस जण आले, दुसरीला सहा. ऑनलाइन फॉर्म भरून घेतला तर बहुतेकांनी ‘वायफाय, जिम, टर्फ’ एवढंच लिहिलं. मुलांना खऱ्या अर्थाने सामील कसं करून घ्यायचं?

हे आकडे पाहून मुलांना रस नाही असं समजू नका. मुलं एकदा येऊन अंदाज घेतात. आपण बोललो त्यातलं पुढे काहीच हललं नाही हे कळलं की येणं थांबवतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. बेलफास्टच्या लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये मुलांच्या सहभागासाठी चार अटी मांडल्या: बोलायला जागा, बोलायला मदत, ऐकून घेणारा अधिकारी माणूस, आणि बोलण्याचा निर्णयावर दिसणारा परिणाम. आपल्याकडे पहिल्या दोन अटींवर सगळी शक्ती खर्च होते. हॉल मिळतो, माइक मिळतो, रंगीत कागद मिळतात. ज्याच्या सहीने कुलूप उघडतं तो माणूस मात्र त्या खोलीत नसतो.

म्हणून मुलांना पुन्हा बोलावण्याआधी संस्थेच्या माणसांनी बसून एक पान लिहावं. त्यावर तीन रकाने: आधीच ठरलेलं, मिळून ठरवायचं, मुलांनीच ठरवायचं. पहिल्या रकान्यात इमारतीची रचना, आग लागल्यास बाहेर पडायची वाट, महापालिकेच्या कराराच्या अटी, रात्री बंद करायची शेवटची वेळ. दुसऱ्यात उघडण्याच्या वेळा, खोल्यांची वाटणी, शुल्क घ्यायचं की नाही, देखरेखीला कोणाला नेमायचं. तिसऱ्यात कार्यक्रम, भिंती, बसण्याची मांडणी, वागण्याचे नियम आणि ठरावीक रकमेचा खर्च. तिसरा रकाना रिकामा राहत असेल तर बैठक घेऊच नका. सरळ सांगा की केंद्र आम्ही चालवणार, तुम्ही वापरा. तेही चालतं. विचारल्याचं नाटक मात्र फार महागात पडतं, कारण पुढच्या वेळी खरोखर विचारायला गेलात तरी कोणी येत नाही.

पैशाचा आकडाही पहिल्याच दिवशी सांगा. महिन्याचा चालू खर्च ३० हजार असेल तर त्यातले ५ हजार मुलांच्या हाती, असं काहीतरी ठरवा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण दर महिन्याला ठरल्या तारखेला मिळाली पाहिजे.

आता कोणाला विचारायचं ते. घणसोली म्हणजे किमान चार वस्त्या. आगरी-कोळ्यांचं गावठाण, सिम्प्लेक्सची माथाडी वसाहत, सेक्टरांमधल्या सोसायट्या, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडच्या एमआयडीसीलगतच्या झोपडपट्ट्या. या चार ठिकाणची मुलं शाळेत शेजारी बसली तरी संध्याकाळी एका कट्ट्यावर बसत नाहीत. व्हॉट्सॲपवर फॉर्म फिरवला की तो सोसायटीतल्या आणि महाविद्यालयातल्या मुलांपर्यंत जातो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना सांगितलं की शंभर स्वयंसेवक हजर होतात, कारण त्यांना वर्षाला १२० तास भरायचे असतात. ती मुलं गुणी असतात, पण तुमच्या केंद्राशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. त्यांना सर्वेक्षणाच्या कामाला घ्या, निर्णयाला घेऊ नका.

पलीकडच्या वस्त्यांसाठी रस्ता आणि ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्ग ही खरी भिंत आहे. दिवसा माणूस भुयारी मार्गाने किंवा पुलावरून सहज येतो, अंधार पडल्यावर मुलगी येत नाही. अशा वस्तीला ‘केंद्र सर्वांसाठी खुलं आहे’ सांगून उपयोग नाही. तिकडच्या समाजमंदिरात किंवा अंगणवाडीच्या खोलीत आठवड्यातून दोन दिवस केंद्राचाच एक तुकडा चालवावा लागतो. तिथे बोलणं हिंदीत होईल हे गृहीत धरा. पत्रकातलं पुस्तकी मराठी सेक्टरातल्या मुलांनाही नकोसं वाटतं.

बैठकीच्या आधी दोन आठवडे नुसतं पाहा. परिसराचा नकाशा ए-झीरो या मोठ्या आकारात छापून घ्या आणि मुलामुलींच्या जोड्या करून चार वेळांना फेरी मारा: सकाळी सहा, दुपारी चार, संध्याकाळी साडेसात, रात्री साडेनऊ. एक कामाचा दिवस, एक रविवार. प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं थांबून मोजायचं: किती मुलगे, किती मुली, बसलेत, उभे आहेत की नुसते चालत पुढे जाताहेत. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. मैदान, टपरी, गणपती मंडळाचं शेड, स्टेशनबाहेरचा कट्टा, या ठिकाणी मुलगे थांबलेले दिसतात. मुली बहुतेक चालत असतात, क्लासहून घराकडे. त्या थांबतात ते क्लासच्या जिन्यात, इमारतीच्या गच्चीवर, देवळाच्या ओट्यावर, म्हणजे जिथे थांबायला काहीतरी सांगण्यासारखं कारण आहे. केंद्रालाही मुलीला घरी सांगता येईल असं एक कारण द्यावं लागतं. अभ्यासिका, शिवण, संगणक, स्पर्धा परीक्षेचा वर्ग, काहीही. ती आत आल्यावर मैत्रिणीशी तासभर गप्पा मारेल, आणि तेही केंद्राचंच काम आहे.

मुलींचा गट सुरुवातीला वेगळाच घ्या. आठ ते दहा जणी, दोन महिला संवादक, सव्वा तास, त्याहून जास्त नाही. मुलगे असलेल्या गटात मुली टर्फला मान डोलावतात. वेगळ्या गटात त्या दिवा नसलेली गल्ली, पानटपरीसमोरून जाणारी वाट, कडी नसलेलं स्वच्छतागृह आणि कचऱ्याचा डबा नसल्याने होणारी पंचाईत सांगतात. त्यांच्याकडून नकाशावर घरापासून केंद्रापर्यंतची वाट आखून घ्या: हिरवी रेघ बिनधास्त, पिवळी घाईघाईने, लाल नकोच. लाल तुकडे एकत्र केले की विभाग कार्यालयाच्या विद्युत विभागाला द्यायचा अर्ज आपोआप तयार होतो, खांबाच्या क्रमांकांसकट. हा अर्ज केंद्राच्या उद्घाटनाआधी मार्गी लागला तर मुलींचा विश्वास बसतो. नाही लागला तर मुली दिसतील फक्त उद्घाटनाच्या फोटोत.

‘वायफाय, जिम, टर्फ’ या उत्तराकडे येऊ. ‘तुम्हाला काय हवं’ विचारलं की माणूस आधी पाहिलेल्या वस्तूंची नावं सांगतो. त्याऐवजी विचारा: काल संध्याकाळी पाच ते नऊ कुठे होतास? तिथून कोणी उठवलं का? कशासाठी पैसे मोजलेस? एखादी गोष्ट करायची होती पण राहिली, ती कोणती? मग या तीन शब्दांखाली काय दडलंय ते दिसतं. वायफायच्या मागे अनेकदा ऑनलाइन अर्ज असतात: प्रवेश, शिष्यवृत्ती, भरती, जातीचा दाखला. मोबाइलवर पीडीएफचा आकार कमी होत नाही म्हणून सायबर कॅफेत पैसे जातात. त्यासाठी दोन संगणक, एक स्कॅनर-प्रिंटर आणि अर्ज भरायला मदत करणारा एक जाणकार मुलगा किंवा मुलगी पुरते.

जिम म्हणणाऱ्यांना पुढे बोलतं केलं की माथाडी वसाहतीत आणि गावठाणात हमखास पोलीस भरती निघते. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. यांना ट्रेडमिलपेक्षा मोजून आखलेली धावपट्टी, दोन वजनांचे गोळे, स्टॉपवॉच आणि पहाटे साडेपाचला उघडणारं फाटक जास्त कामाचं. यंत्रांच्या तुलनेत खर्च किरकोळ. पण ही मागणी क्रीडा विभागाकडे आणि मैदानाच्या वेळेकडे जाते, तुमच्या पहिल्या मजल्याकडे नाही. मुलांना हे स्पष्ट सांगा आणि अर्ज त्यांच्यासोबत घेऊन जा. टर्फचंही तसंच. बहुतेकांचं म्हणणं एवढंच असतं की तासाचे पैसे न देता दिव्याखाली खेळता यावं. सानपाड्यात उड्डाणपुलाखालच्या जागेत महापालिकेने खेळाची सोय केली आहे. मुलांना घेऊन एकदा तिथे जा आणि काय जमलंय, काय जमलेलं नाही हे त्यांनाच टिपू द्या.

१,२०० चौरस फुटांत खरा झगडा होतो तो शांतता आणि आवाज यांचा. एका खोलीच्या घरातल्या मुलाला अभ्यासिका ही चैन नसते, गरज असते. येण्याजाण्याची वाट धरून माणशी २० ते २५ चौरस फूट लागतात, म्हणजे २५ जणांची अभ्यासिका निम्मा मजला खाते. एकदा टेबलं जमिनीला ठोकली की नाटकाची तालीम, कॅरम, गाणं, नुसतं बसणं, सगळं हद्दपार. अभ्यास करणाऱ्याची बाजू पालकांना, नगरसेवकांना, अधिकाऱ्यांना लगेच पटते. रिकामं बसू पाहणाऱ्या मुलाची बाजू कोणीच घेत नाही. माझं मत स्पष्ट आहे: किमान चाळीस टक्के जागा कोणत्याही हेतूविना मोकळी ठेवा. दहावीला नापास झालेला, कॉलेज सुटलेला, डिलिव्हरीच्या दोन फेऱ्यांमध्ये टेकायला आलेला मुलगा अभ्यासिकेत पाऊल ठेवणार नाही, आणि केंद्राची सर्वांत जास्त गरज त्यालाच आहे. ठाण्यात रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून सुरू झालेल्या ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमात वस्त्यांमधल्या मुलांनी स्वतःच्या जगण्यावर स्वतः नाटिका बसवल्या. अशा कामाला मोकळी फरशी आणि आवाज करायची मुभा लागते, फारसं काही नाही.

म्हणून फर्निचर लगेच घेऊ नका. सहा आठवडे प्लास्टिकच्या खुर्च्या, घडीची टेबलं, सतरंज्या आणि फरशीवर रंगीत चिकटपट्टी एवढ्यावर केंद्र चालवा. पहिले दोन आठवडे एक मांडणी, पुढचे दोन दुसरी, शेवटचे दोन मुलं म्हणतील ती. रोज कोणत्या वेळी किती जण, कुठे बसले, मुली किती, याची नोंद मुलांनीच ठेवायची. ही नोंद भिंतीवर लावून मग सुतार बोलवा. खुर्च्या एकत्र जोडून पक्क्या करू नका, आणि अभ्यासाच्या टेबलावर साधारण ३०० लक्स उजेड पडतो का ते मोजून घ्या. जागा पहिल्या मजल्यावर आहे म्हणजे लिफ्टचा प्रश्न पहिल्याच बैठकीत येणार. चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा वर येऊ शकत नसेल तर तळमजल्यावर जागा मागा किंवा दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या ५ टक्के निधीतून लिफ्टची मागणी करा.

समितीबद्दल. पंधरा जण पुरे. चार वस्त्यांतून तीन-तीन, उरलेल्या तीन जागा दिव्यांग, शिक्षण सुटलेल्या आणि नोकरी करणाऱ्या मुलांसाठी. किमान सात मुली, आणि पाच जण अठराखालचे. निवड त्या-त्या वस्तीतल्या मुलांच्या गटाने करावी. मुख्याध्यापकांनी किंवा मंडळाच्या अध्यक्षांनी नावं पाठवू नयेत. कोणत्याही पक्षाच्या युवा शाखेचा पदाधिकारी समितीत नको, हे सुरुवातीलाच लेखी ठरवा, नाहीतर निवडणुकीच्या तोंडावर भिंतीवर फलक दिसेल आणि दुसऱ्या वस्तीची मुलं त्याच दिवशी जातील. मुदत एक वर्ष, दर सहा महिन्यांनी निम्मे बदलायचे. महिन्यातून एक बैठक, तीन दिवसांत अर्ध्या पानाचं इतिवृत्त दारावर. येण्याजाण्याचं भाडं आणि पोटभर नाश्ता द्याच. बिस्किटाच्या पुड्यावर तासभर बसवून ठेवणं बरोबर नाही. वेळ ठरवताना कामाचं गणित पाहा. जेवणाची डिलिव्हरी करणाऱ्याला संध्याकाळी सात ते दहा सर्वाधिक कमाई असते, तो दुपारी चारला मोकळा असतो. वाशीच्या बाजार समितीत रात्रपाळी करणारा दुपारी झोपलेला असतो. कारखान्यातल्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असंही नाही. एकाच वेळेचा हट्ट धरलात तर समितीत फक्त विद्यार्थी उरतील.

प्रत्येक मागणीला तीस दिवसांच्या आत लेखी उत्तर, हा या सगळ्या कामाचा कणा आहे. एका तक्त्यावर मागणी, तारीख, ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अमुक विभागाकडे पाठवली’, आणि कारण. ‘नाही’ला मुलं फारशी रागावत नाहीत. ‘बघू’ने मात्र हमखास माणसं तुटतात. पहिल्या तीस दिवसांत किमान एक गोष्ट प्रत्यक्ष झालेली दिसली पाहिजे, मग ती पिण्याच्या पाण्याचा नळ बदलणं का असेना.

महापालिकेशी व्यवहार करताना मुलांना कॅलेंडर शिकवा. आयुक्त अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत मांडतात, आणि विभागांचे प्रस्ताव त्याआधीच्या काही महिन्यांत गोळा होतात. जानेवारीत दिलेलं निवेदन बहुतेक वेळा पुढच्या वर्षावर जातं. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये पाहणी, गणपती झाले की प्राधान्यक्रम, दिवाळीच्या आत विभाग कार्यालयात पोच घेऊन प्रस्ताव. त्यात कामाचं ठिकाण, मोजमाप, अंदाजे खर्च आणि पुढची देखभाल कोण करणार हे लिहिलेलं हवं. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवली जातात, तो अर्ज नमुना म्हणून पाहायला हरकत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात क्षेत्रसभेची, म्हणजे वस्तीपातळीवरच्या नागरिकांच्या सभेची तरतूद आहे, पण ती मतदारांपुरती, म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीला तिथे स्थान नाही. प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नेमता येतात. तो मार्ग तुमच्या संस्थेने वापरावा आणि मुलांचा तक्ता तिथे मांडावा. विकास आराखड्यावर सूचना-हरकत मात्र कोणीही नोंदवू शकतं, वयाची अट नाही. मैदानाचं आरक्षण बदलत असेल तर चाळीस मुलांनी आपापल्या शब्दांत लिहिलेल्या चाळीस हरकती एका छापील मजकुरापेक्षा वजनदार ठरतात.

कायद्याची बाजू कंटाळवाणी वाटली तरी टाळू नका. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची व्यक्ती करार करू शकत नाही, म्हणून जागेचा करार संस्थेच्या नावानेच होईल. महापालिकेची मालमत्ता वापरायला देण्याची चौकट अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये आहे, आणि मुदत, भाडं, वीजबिल कोणाचं हे करारात स्पष्ट नसेल तर केंद्र पहिल्या थकबाकीला बंद पडतं. समितीचे अधिकार संस्थेच्या ठरावात लिहून करारासोबत जोडा. एका मुलाबरोबर एकच प्रौढ बंद दाराआड कधीही नको. लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली तरी पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘घरातलं प्रकरण आहे’ म्हणून समितीत मिटवायचं नाही. १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक आतल्या भिंतीवर आणि स्वच्छतागृहातही लावा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचा प्रत्येकजण बालक आहे आणि त्याची डिजिटल माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, म्हणून नोंदवहीत नाव, वय, वस्ती एवढंच. आधार कार्डाची सक्ती केली तर भाड्याने राहणारी परप्रांतीय मुलं दारातूनच परत जातात.

शेजाऱ्यांची तक्रार येणार हे धरूनच चाला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. नियम मुलांनी लिहावेत आणि समितीतल्या दोघांनी सोसायटीच्या अध्यक्षांना जाऊन भेटावं, नाहीतर पहिली भेट पोलीस ठाण्यात होते. ढोल-ताशाच्या सरावासाठी आधीच वेगळं मैदान शोधा.

पुष्कळ केंद्रं बंद पडतात ती किल्लीमुळे. किल्ली एकट्या रखवालदाराकडे असते, तो सुट्टीवर गेला की दार बंद. मुलं तीनदा परत गेली की चौथ्यांदा येत नाहीत. तीन किल्ल्या ठेवा: संस्था, रखवालदार, आणि समितीतल्या अठरा पूर्ण झालेल्या दोघांपैकी एक. त्यांची पाळी आठवड्याला बदलते, नोंद वहीत. दार ठरल्या वेळी प्रत्यक्ष उघडलं का याचा महिन्याचा आकडा दारावरच लावा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीमुळे उपस्थिती निम्म्यावर येईल. त्या काळात मोठा निर्णय घेऊ नका, अभ्यासिकेच्या वेळा वाढवा आणि समितीत नोकरी करणाऱ्यांवर जास्त भार टाका. मेमध्ये अर्धी माथाडी वसाहत साताऱ्याकडे गावी जाते, तेव्हा गळती आणि विजेची दुरुस्ती उरका. जूनमध्ये कॉलेज बदललेली, कामाला लागलेली मुलं समिती सोडतील. त्यांच्याकडून हिशेबाची वही, अर्जांच्या पोचपावत्या आणि किल्ली नव्या मुलांच्या हातात देण्यासाठी एक पूर्ण बैठक राखून ठेवा, आणि बाहेर पडणाऱ्यांपैकी दोघांना तीन महिने सोबत राहायला सांगा.